ठिपक्याचं पथ्य

"अगं, पायाला धर! मागच्या पायाला!"

"मागचा कुठला नि पुढचा कुठला? सगळे पायच आहेत मेल्याला!" असं म्हणत ताईच्या सोबतीला आलेल्या तिच्या धाकट्या बहिणीनं चिमटा सोडला, रातकिडा टुणकन उडाला आणि कपाटाखाली गडप झाला. धाकटी खुर्चीवर चढून उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, दोन सुनांवर हुकूम गाजवणारी बाई, पण बोटभर किड्यानं तिची पार भंबेरी उडवली होती.

ताईला हसू फुटलं. हसताना गळ्यात कळ आली, तेव्हा तिनं छातीवर हात दाबून धरला.

हे सगळं शिक्षण चाललं होतं काचपेटीतल्या पालीसाठी. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, पापण्या मिटणारे डोळे आणि अंगाच्या मानानं जाडजूड शेपटी. ताईच्या मुलानं तिला हौसेनं पाळलं होतं. जात पालीची असली तरी तो तिला 'तो'च म्हणायचा आणि नाव ठेवलं होतं ठिपक्या. मुलगा एका सकाळी मोटरसायकलवरून कामाला गेला तो परत आलाच नाही. ठिपक्या तेवढा राहिला. आता ताईच्याही अन्ननलिकेत गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिच्या मागे ठिपक्याला घेऊन जाईल असं माणूस एकच होतं, आणि ते खुर्चीवर उभं राहून किंचाळत होतं.

त्याहून मोठं संकट म्हणजे ठिपक्या जेवत नव्हता.

ताईचा जन्म वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करण्यात गेला. भाजी बघून नाक मुरडणारी पोरं तिनं गोडीगुलाबीनं नाहीतर डोळे वटारून वळणावर आणली होती. कुणाचं काय चुकतंय हे तिला ताट बघून कळायचं. आणि घरच्या जिवाच्या बाबतीत मात्र तिनंच माती खाल्ली होती.

मुलगा होता तोवर सगळं रीतसर होतं. कधी रातकिडे, कधी मुद्दाम वाढवलेली झुरळं, कधी पिठातल्या अळ्या, असा पालट असायचा. रातकिड्यांना आधी गाजर खाऊ घालायचं, म्हणजे ते किड्याच्या पोटातून ठिपक्याच्या पोटात जातं. वर कॅल्शियमची पूड चोळायची. मेणअळी, म्हणजे मधाच्या पोळ्यातली ती पांढरी गुबगुबीत अळी, क्वचित एखादी, लाड म्हणून. "आई, ती म्हणजे त्याची मिठाई. मिठाईवर कुणी जगतं का?" मुलगा म्हणायचा.

मुलगा गेल्यानंतर घर खायला उठायचं. एका संध्याकाळी ताईनं मेणअळ्यांचा डबा उघडला, तर ठिपक्या तुरुतुरु धावत आला आणि पुढचे दोन पाय काचेवर टेकून तिच्याकडे बघत राहिला. तिला बघून आनंद व्हावा असा जीव त्या घरात दुसरा नव्हता. त्या दिवसापासून रोज मेणअळ्याच सुरू झाल्या. शेपटी फुगली, आणि ताईला वाटलं, बाळसं धरतोय.

मग त्याचे पाय थरथरायला लागले. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा हळूच दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाडं मऊ पडलीत, आजी. ही शेपटी म्हणजे नुसती चरबी. ह्या अळ्या बंद करा, अगदी आजपासून. औषध देते, पण खरं औषध म्हणजे जेवणच."

"आणि नाहीच खाल्लं दुसरं तर?"

"भूक लागली की खाईल. शेपटीवर बरेच दिवस काढेल तो. पण पाघळायचं नाही."

तेव्हापासून हा हट्ट चालला होता. पेटीत एक न खाणारा आणि बाहेर एक न खाऊ शकणारी. ताईच्या घशाखाली आता पेजेसारखं पातळ तेवढं उतरत होतं, तेही घोट घोट.

"एक अळी दे ना गं त्याला," एका संध्याकाळी धाकटी न राहवून म्हणाली. "बघवत नाही मला. तुझे आता असे किती..." ती मधेच थांबली.

"थोडेच राहिलेत, म्हणून तर. तुझ्या हवाली केला की तू मेणअळ्याच देणार. मऊ असतात, उडत नाहीत. वर्षभरात मरेल तो, आणि तुला वाटेल ताईच्या आठवणीनं झुरून मेला."

दुसऱ्या दिवशी धाकटी विजयी मुद्रेनं काचेचा पेला पालथा धरून आली. आत एक हिरवा नाकतोडा होता.

"जिन्याखाली सापडला. मी धरला, मी एकटीनं! ताजा आहे."

ताईला तिचं कौतुक वाटलं, तरी तिनं मान हलवली. "सोडून दे बाई त्याला. बाहेरचा किडा कधी द्यायचा नाही. कुठल्या झाडावर काय फवारलंय कुणाला ठाऊक? आणि केवढा आहे बघ. ठिपक्याच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून मोठा घास नको."

धाकटीचा चेहरा पडला. पण तिनं निमूटपणे नाकतोडा सोडला आणि आपण होऊन डब्यातला रातकिडा चिमट्यात धरला. या वेळी पायालाच धरला होता.

ताई दाराशी उभी राहून बघत होती. रातकिडा ठिपक्याच्या नाकासमोर वळवळत होता, आणि ठिपक्या त्याच्या वरून बघत होता. ताईकडे. ती दोन पावलं डावीकडे सरकली. त्याची मान तिच्यामागे वळली.

"मी आत जाते," ताई म्हणाली. "दार लावून घेते. तू एकटी दे."

"एकटी? मी?"

"दे गं."

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर बराच वेळ शांतता होती. मग धाकटीची आरोळी आली, "ताई! खाल्ला! कचकन खाल्ला!"

ताई जवळजवळ धावतच बाहेर आली. धाकटीनं दुसरा रातकिडा पुढे धरला होता आणि ठिपक्याच्या शेपटीचं टोक वळवळत होतं, शिकार दिसल्यावर वळवळतं तसं. तेवढ्यात त्याला ताई दिसली. त्यानं रातकिड्याकडे पाठ फिरवली, लंगडत काचेपाशी आला, पुढचे दोन पाय काचेवर टेकले आणि मेणअळीची वाट बघू लागला.

"त्याला काय कळतंय," धाकटी म्हणाली.

"कळतंय ना. माझ्याकडे हट्ट चालतो, तुझ्याकडे चालत नाही, एवढं कळतंय."

मुलाच्या हातचं खाल्लेला तेवढा एकच जीव जगात उरला होता, आणि त्याला जगवायचं तर आता त्याच्या नजरेस पडायचं नव्हतं. ताईला रडू आलं. तिनं ते धाकटीसमोरच रडून घेतलं.

मग तसंच ठरलं. काचपेटी स्वयंपाकघराला लागून धाकटी झोपायची त्या खोलीत गेली. रातकिड्यांना गाजर किसून घालणं, पिशवीत पूड घालून त्यांना अलगद घोळवणं, हे सगळं ताई स्वयंपाकघरात बसून करायची. वाटी दारातून बहिणीच्या हातात द्यायची आणि दार ओढून घ्यायची. हळूहळू तिला उभं राहवेना, तेव्हा धाकटीनं पलंगच स्वयंपाकघरात दाराला लागून आणून टाकला.

"आज काय दिलंस?" ती आतून विचारायची.

"झुरळं. त्या दोन्ही सुनांनी आत्ता बघावं मला," धाकटी पलीकडून म्हणायची. "आता पाय टेकून नीट चालतोय गं. काल त्या दगडावर चढून बसला होता."

एका संध्याकाळी ताईनं पेज अर्ध्यावरच बाजूला सारली. बाहेर धाकटी ठिपक्याशी काहीबाही बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं लाडानं, आणि मधूनच रागे भरत होती.

"काय गं," ताईनं हाक मारली, "जेवताना दाराकडे बघतो का तो अजून?"

पलीकडे चिमटा वाटीत ठेवल्याचा आवाज झाला.

"नाही, ताई. आता नाही बघत."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि रिकामी वाटी घ्यायला दाराच्या फटीतून हात पुढे केला.