कासारवाडीची जागृत भिंत

विजयश्री नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरली आणि चालत गल्लीत आली, तर तिच्याच घरापुढे चपलांचा हा ढीग! जुनं घर विकत घेऊन जेमतेम महिना झाला होता. अजून एक भांडंसुद्धा तिथं हललं नव्हतं, आणि दारात मात्र शंभरेक माणसांची रांग. बायका पदर सावरतायत, पुरुष मोबाइल उंच धरून आतलं शूटिंग घेतायत, आतून लाउडस्पीकरवर आरती चालू.

"अहो, माझं घर आहे हे, आत तर जाऊ द्या," असं तिला चौघांना सांगावं लागलं. पाचवा म्हणाला, "ताई, सगळेच असं म्हणतात. रांगेतनं या."

कोपरानं वाट काढत ती आत घुसली. मधल्या खोलीतली, न्हाणीघराला लागून असलेली ओलसर भिंत झेंडूच्या माळांनी मढवलेली. भिंतीपुढे लाकडी पाटावर ऊर्जानाथ महाराज उभे. भगवी कफनी, चार बोटांत चार अंगठ्या, आणि पायांत जाड रबरी तळव्याच्या पांढऱ्या चपला. भक्तांना चपला दाराबाहेर, महाराजांना आत! एकेक बाई पुढे यायची, भिंतीला बोट टेकवायची आणि "आई गं!" करून हात झटकायची.

"आली झिणझिण?" महाराज विचारायचे.

"आली महाराज!"

"तीच ती! विज्ञान तिला करंट म्हणतं, आम्ही तिला माता म्हणतो. शेवटी फ्रिक्वेन्सी एकच! या भिंतीत अकरा हजार व्होल्टची पॉझिटिव्ह एनर्जी आहे. परदेशात याच्यावर क्वांटम संशोधन चालू आहे. त्यांना अजून जमलेलं नाही, आणि इथं कासारवाडीत फुकट दर्शन!"

अकरा हजार व्होल्ट असते तर महाराज सोडा, त्यांच्या चपलासुद्धा सापडल्या नसत्या. पण गर्दीत असले प्रश्न कोण विचारतंय! मग महाराजांनी एक हात भिंतीकडे पसरला आणि दुसऱ्या हातात एक साधा बल्ब घेतला. ना वायर, ना होल्डर. डोळे मिटले, ओठ पुटपुटले, आणि बल्ब लख्खकन पेटला. रांगेतली निम्मी माणसं जागच्या जागी गुडघ्यावर आली. सगळ्यात पुढे, हात जोडून, डोळ्यांतून धारा लागलेली बाई म्हणजे विजयश्रीची सासू, रुक्मिणीबाई.

हे सगळं सुरू झालं होतं त्यांच्यापासूनच. आठ दिवसांपूर्वी घर झाडायला म्हणून त्या आल्या, ओल्या फडक्यानं ती भिंत पुसायला लागल्या, आणि कोपरापर्यंत हात झिणझिणला. धाराशिवकडची श्रद्धाळू बाई. "आगं माय, आई आली घरात!" म्हणून तिथंच बसल्या. शेजारच्या शालनबाई, कासारवाडीच्या जुन्या गावकरी, त्यांनी लगेच आपले महाराज बोलावले. महाराजांनी भिंतीला लांबूनच नमस्कार केला आणि जाहीर केलं, "भिंत जागृत आहे. हिला छिन्नी लागता कामा नये. नवी वायर घालाल तर माता कोंडली जाईल."

ही शेवटची गोष्ट विजयश्रीच्या नवऱ्याला, ज्ञानेशला, भलतीच गोड लागली. राहायला यायच्या आधी सगळं वायरिंग नवं करायचं असं दोघांचं ठरलं होतं. स्टेशनजवळच्या मीरासाहेब वायरमननं घर बघून पंचाण्णव हजार सांगितले होते. बँकेचा हप्ता सुरू झालेला. भोसरीत प्रेस मशीनवर ओव्हरटाइम करून करून ज्ञानेशची पाठ गेली होती. महाराज एकवीस हजारांत शांती करून देत होते, वर 'वायरिंग आयुष्यभर टिकेल' असा आशीर्वाद. वाचले की चौऱ्याहत्तर हजार!

विजयश्रीला मात्र ती झिणझिण नवीन नव्हती. अकरा वर्षं ती चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधत होती. शिफ्टमध्ये तीनशे जोड तिच्या हाताखालून जायचे, आणि प्रत्येक जोड पुढे द्यायच्या आधी ओढून बघायचा, हा तिथला नियम. एक जरी सुटला तरी अख्खी लाइन थांबवायची, मग समोर साहेब असो की साहेबाचा साहेब. भिंत झिणझिणते म्हणजे आत कुठंतरी वायर उघडी पडलीय आणि ओल तिला बाहेर आणतेय, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं तडक मेन स्विच बंद केला होता. दुसऱ्या दिवशी भक्तांनी तो स्पीकरसाठी परत चालू केला. महाराजांचा तसा हुकूमच होता म्हणे, "मेन चालू ठेवा, मातेला उजेड आवडतो."

त्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं.

"अगं, शंभर माणसं हात लावून गेली. कुणाला काय झालं?"

"कोरडं बोट लावून गेली. रविवारी काय करणार आहात ते ऐकलंय मी. दिपालीला पुढं करणार आहात ना?"

दिपाली म्हणजे तिची नणंद. सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. रविवारी वास्तुशांत होती, आणि महाराजांनी सांगितलं होतं की आधी भिंतीला पाण्याचा अभिषेक करायचा, मग गर्भार माहेरवाशिणीनं अनवाणी उभं राहून ओल्या हळदीचा पंजा भिंतीवर उमटवायचा. तळवा पूर्ण टेकवायचा आणि मंत्र संपेपर्यंत उचलायचा नाही. ओला तळवा, ओली जमीन, अनवाणी पाय! बोटाला झिणझिण देणारी भिंत तिथं चिकटवून धरेल, आणि एक सोडून दोन जीव जातील.

"आईचं मन मोडायचं का मग?" ज्ञानेश म्हणाला.

"आईंचं मन मोडलं तर पाया पडून समजूत काढीन. दिपालीला काही झालं तर कुणाची समजूत काढशील?"

ज्ञानेश अंथरुणावर आडवा झाला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एवढा एक रविवार जाऊ दे. मग बघू."

"रविवारच जाऊ देणार नाही मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती मीरासाहेबांच्या दुकानात गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "बेटी, तू म्हणतेस ते सोळा आणे खरं. पण त्या भिंतीला मी छिन्नी लावली तर लोक काय म्हणतील? मीरासाहेबानं देवी फोडली. मला याच गल्लीत धंदा करायचाय."

"छिन्नी मी मारीन, चाचा. तुम्ही फक्त मेनपाशी उभं राहा. बंद म्हटलं की बंद. आणि मग कुणी बोंबलो, चालू करायचा नाही."

"आणि तुझी सासू?"

"सासू माझी आहे, मी बघते."

रविवारी गर्दी दुप्पट. अभिषेक झाला होता, भिंतीवरून पाणी ओघळून खोलीभर पसरलं होतं. महाराज पाटावर, स्पीकर जोरात. दिपाली हिरवी साडी नेसून पुढे आली. ताटातल्या ओल्या हळदीत तिनं उजवा पंजा बुडवला. रुक्मिणीबाई कौतुकानं तिला पुढे सरकवत होत्या, "ठेव लेकरा, घाबरू नको." हात भिंतीपासून वीतभर राहिला.

"चाचा, बंद!" विजयश्री ओरडली.

आरती अर्ध्या शब्दावर तुटली. पंखे थांबले. त्या शांततेत विजयश्रीनं दिपालीचं मनगट घट्ट धरलं होतं.

मग जो गलका झाला! कुणी म्हणे अपशकुन, कुणी म्हणे हाकला हिला. रुक्मिणीबाई ओरडल्या, "काय केलंस गं हे? देवाच्या कामात आडवी येतीस?"

"आई, दोन मिनिटं. मग मला घरातून काढलंत तरी चालेल." तिनं पर्समधून टेस्टर काढून भिंतीला लावला. दिवा लागला नाही. मग पायातल्या चपला काढल्या, त्याच पाण्यात उभी राहिली आणि आपला ओला तळवा भिंतीवर सपाट टेकवला. काही झालं नाही.

"आली का झिणझिण?" तिनं मोठ्यानं स्वतःलाच विचारलं. "नाही आली! मेन बंद केला की माता गेली. वीज कंपनीच्या बिलावर चालणारी कसली ही माता?"

महाराज मुरलेले. त्यांनी लगेच हात वर केला. "पाहिलंत? नास्तिकाचा स्पर्श झाला आणि माता रुसली! निघून गेली! आता या घरावर संकट!"

"रुसली ना? मग परत बोलावू. मीरासाहेब मेन चालू करतील. तुम्ही पाटावरून खाली उतरा, त्या रबरी चपला काढा, पाण्यात उभे राहा आणि दोन्ही ओले तळवे भिंतीला लावा. गर्भार बाईला जे करायला सांगत होता, तेच करा. या!"

मेन ती चालू करणार नव्हतीच, पण महाराजांना ते कुठं ठाऊक! त्यांनी पाटाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"आमची साधना वेगळी. आम्ही भूमीला पाय लावत नाही."

"रिक्षातनं उतरताना तर लावलात," रांगेतून कुणीतरी बोललं, आणि पहिल्यांदाच लोक हसले.

ते हसू महाराजांना झोंबलं. त्यांनी घाईनं बल्ब उचलला, मूठ आवळली. "अश्रद्धांनो, बघा! शक्ती अजून माझ्यात आहे!" बल्ब लख्ख पेटला.

"बघा, नीट बघा!" विजयश्री म्हणाली. "माता रुसून गेली, भिंत मेली, आणि बल्ब तरी पेटतोच. मग तो भिंतीच्या शक्तीवर कधी पेटत होता?" महाराजांनी हात मागे घ्यायच्या आत तिनं बल्ब काढून घेतला, दाराबाहेर गल्लीत नेला, सगळ्यांसमोर बुडाशी बोटं दाबली. बल्ब पेटला. शालनबाईंच्या हातात दिला. त्यांच्याही हातात पेटला. "याच्या पोटात बॅटरी आहे. लाइट गेल्यावर वापरायचा बल्ब, बाजारात कुठंही मिळतो. बुडाशी हे दोन ठिपके दिसतात ना? जरा ओलसर बोटानं जोडले की झालं. नास्तिकाच्या हातातही पेटतो बरं का."

तोवर छिन्नीचा आवाज यायला लागला होता. ती धावत आत आली. ज्ञानेश गुडघ्यावर बसून भिंत फोडत होता. बायकोकडे न बघता म्हणाला, "कुठं मारू सांग." चार घावांत ओलं प्लास्टर सुटलं आणि आतली माता बाहेर आली. काळवंडलेल्या तांब्याचा एक जोड, नुसता पिळा मारलेला, वर गुटख्याची पुडी गुंडाळून सुतळीनं बांधलेला. आधीच्या मालकानं चार हात वायर वाचवायला तुकड्याला तुकडा जोडला होता आणि वरून गिलावा थापला होता. विजयश्रीनं तो जोड दोन बोटांत धरून ओढला. तो लगेच हातात आला.

महाराज तेवढ्यात पाटावरून उतरले होते, भूमीला पाय लावून मागच्या दारानं निघूनही गेले होते.

दिपाली भिंतीला पाठ न लावता खुर्चीवर बसली. हळदीचा हात तिनं अजून हवेतच धरला होता. "वहिनी, माझा हात लागला असता तर?"

"मेली असतीस," विजयश्री म्हणाली, आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरलं नाही. रुक्मिणीबाई तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. लेकीचा हात स्वतःच्या पदरानं पुसत राहिल्या. "मीच ढकलत होते गं तिला," एवढंच त्या बोलल्या.

"आई, तुम्हाला झिणझिण आली ती खोटी नव्हती," डोळे पुसत विजयश्री म्हणाली. "ती भिंत मदत मागत होती. या भामट्यानं तिची देवी केली."

मीरासाहेबांनी तोवर कागद काढला होता. घर रिकामं आहे तोवरच काम उरकलं, भिंती न खोदता वरून पट्टीतनं वायर नेली आणि जुनं काढायचं काम नवराबायकोनं केलं, तर पंचाण्णवचे साठ होतील म्हणाले. "पण वायर, अर्थिंग आणि करंट लीक झाला की आपोआप पडणारा स्विच, या तिन्हींत एक पैसा कमी करू नका." ज्ञानेशनं मान हलवली.

गर्दी पांगत होती. शालनबाई मात्र दारातच घुटमळत होत्या. हातात अजून तो बल्ब.

"विजयश्री, येक इचारू? आमच्या न्हाणीतल्या नळालाबी अशाच मुंग्या येत्यात. वरीस झालं. म्हाराज म्हनले, तुमच्या घरात गंगामाय हाय, कुनाला सांगू नका. म्या रोज फूल वाहते तिथं. नातीला तिथंच आंघुळ घालते."

विजयश्री ताडकन उठली. "आत्ता घरात कोण आहे?"

"सून हाय. पोरीची आंघुळीची येळ झाली."

"फोन लावा तिला. नळाला हात लावू नको म्हणावं, आधी मेन पाड म्हणावं. आणि मावशी, उद्या कुणीही काहीही चमत्कार दाखवला ना, तर हात जोडायच्या आधी एकच करा. खटका बंद करा आणि बघा, चमत्कार उरतो का. चला चाचा!"

शालनबाईंनी फोन लावला. मीरासाहेबांनी पिशवी उचलली, आणि विजयश्री अनवाणीच गल्लीतून पळत सुटली.