दिसला, आजोबा

घड्याळजी आजोबांना आयुष्यात दोनच वेडं होती: बंद पडलेली घड्याळं आणि गावाबाहेरचं जंगल. उद्यान म्हणून पाटी होती खरी, पण माणसं सगळी पलीकडच्या धबधब्याकडे जायची. इथला तिकीटवाला खिडकीत बसून स्वेटर विणायचा. आजीनं तर केव्हाच हात टेकले होते. तुमचे पक्षी तुम्हालाच लखलाभ, मला घरातले डास पुरेत, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे सुट्टीला आठ वर्षांची नात आली, तेव्हा आजोबांना हक्काचा जोडीदार मिळाला. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिच्या आईनं बजावून ठेवलं होतं: पोरीला जंगल आवडलं तर पुढच्या सुट्टीतही पाठवीन, नाहीतर पोहण्याच्या वर्गाला घालीन. आणि आज सुट्टीचा शेवटचा दिवस होता.

सकाळपासून सगळं झकास चाललं होतं. आजोबांनी सुतार पक्षी दाखवला, भिंगरी म्हणाली दिसला. ओढ्याकाठचा खंड्या, तोही दिसला. आजोबांची कळी खुलली. मग वेलींच्या गर्दीत एक तपकिरी पक्षी बसलेला त्यांनी दाखवला. भिंगरीनं दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो भुर्रकन उडाला. ती मात्र रिकाम्या फांदीकडे बघत म्हणाली, "दिसला, आजोबा. किती छान आहे ना."

आजोबांच्या लक्षात आलं. पोर आपलं मन राखत होती, बहुतेक सकाळपासूनच. रागवावं तर तोंड मिटून बसेल. कौतुक करावं तर उद्या हसत हसत गाडीत बसेल आणि पुन्हा यायचं नाव काढणार नाही. बिघडलेलं घड्याळ उघडण्याआधी ते जरा वेळ नुसतं कानाशी धरत. आताही घाई न करता ते पुढे चालू लागले.

पुढच्या वळणावर दाट पानांतून शीळ आली. आजोबांनी दुर्बीण घेतली, वर शोधलं, खाली शोधलं, मान अवघडेपर्यंत शोधलं आणि म्हणाले, "मला नाही दिसला."

भिंगरी बघतच राहिली. तुम्हालासुद्धा दिसत नाही, असं तिनं विचारलं. निम्म्या वेळा नुसता आवाजच ऐकायचा आणि घरी जाऊन आजीची बोलणी खायची, असं आजोबांनी सांगून टाकलं. भिंगरीनं बुटाच्या टोकानं पाचोळा उकरला.

"मला एकही नाही दिसला," ती हळूच म्हणाली. "नुसते दोन काळे गोल दिसतात."

आजोबांनी कपाळाला हात लावला. दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या त्यांच्याच रुंद चेहऱ्याच्या मापाला लावलेल्या होत्या. त्यांनी त्या जवळ आणल्या, पार भिडेपर्यंत आणल्या, तरी तिच्या इवल्या डोळ्यांना त्या लांबच. जन्मभर केसाएवढे स्क्रू फिरवले आणि नातीचं माप घ्यायचं राहिलं, म्हणून ते स्वतःवरच हसले. हसता हसता त्यांना आठवलं, दुकानात भिंग तर एकाच डोळ्याला लावून बसायचो. त्यांनी एका नळीला झाकण घातलं.

"एक डोळा मीट. एका डोळ्यावर संसार केलाय मी."

भिंगरीनं आधी झाडाचं खोड बघितलं. मग त्यावरच्या मुंग्या. मग नळी हळूहळू वर गेली आणि एका जागी थांबली. पोरगीही थांबली.

"आजोबा, पोट लाल आहे. आता पाठ फिरवून बसलाय आणि मान फिरवतोय. चोचीत अळी आहे."

लालपोट्या! आजोबांना तो वर्षभरात दिसला नव्हता. नुसत्या डोळ्यांना तर सगळं हिरवंच दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला. मला बघू दे जरा, म्हणाले.

"थांबा ना. अजून गिळली नाहीये त्यानं."

आजोबांनी हात मागे घेतला. पायाला डास चावत होते, लांबून फाटक बंद व्हायची घंटा वाजत होती, आणि भिंगरी हलायला तयार नव्हती.

"पुढच्या सुट्टीत," ती नळीवरचा डोळा न काढता म्हणाली, "तुम्ही तुमची वेगळी आणा."