पर्स ठेवायची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला बाळंतपणातलं थोडंफार कळतं. हसू नका! अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका दवाखान्यात, पोटुशा बायकांना तपासतात त्या खोलीत, मी किती वर्षं उभी आहे ते मलाही आता आठवत नाही.

माझा जन्म टुपेलो गावातल्या कारखान्यात झाला. लोखंडी पाय, लाकडी हात आणि हिरवंगार रेक्झिन. तिथल्या कारागिराने मला थोपटून म्हटलं होतं, "ही कुणालाही पेलेल." मला वाटलं, आता मोठमोठी माणसं माझ्यावर बसणार. पण कसलं काय! माझ्यावर बसल्या त्या पर्सा.

त्याचं असं आहे, की इथल्या काळ्या लोकांच्या वस्तीतली बाई आपली पर्स कधी जमिनीवर ठेवणार नाही. तसं केलं की घरातली बरकत जाते, असं तिला आईने शिकवलेलं असतं आणि आईला आजीने. मग पर्स कुठे ठेवायची? माझ्यावर. खरं तर मला तिथे बाळाच्या बापासाठी ठेवलं होतं. पण बाप आत यायचा, माझ्यावर ऐटीत बसलेली पर्स बघायचा, भिंतीशी जरा वेळ अवघडून उभा राहायचा आणि "मी गाडीत थांबतो" म्हणून सटकायचा. थांब असं त्याला कुणी म्हणायचं नाही. आतलं काम बायकांचं, असंच सगळे धरून चालायचे. मला फार वाईट वाटायचं.

डेमेट्रियसही त्यातलाच. ट्रकचे टायर बदलायचं त्याचं काम, आणि उंची अशी की दारातून वाकून यावं लागे. त्याची बायको शॅरोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पहिल्या खेपेला तो सगळे महिने बाहेर गाडीत बसला. ते बाळ फार लवकर आलं, आणि राहिलं नाही.

शॅरोंडाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा ती आपल्या आईला घेऊन आली. वडीलधाऱ्या बाईला इथे आदराने 'मिस' म्हणतात, म्हणून त्या सगळ्यांच्या मिस अर्लीन. मागोमाग डेमेट्रियस आत शिरला. शॅरोंडाने नेहमीप्रमाणे पर्स माझ्यावर ठेवली. त्याने ती उचलली, स्वतः बसला आणि पर्स मांडीवर घेतली. लालभडक, चमकणारी पर्स!

"अगं बाई!" मिस अर्लीन म्हणाल्या. "काय शोभतेय रे तुला! आत लिपस्टिक पण आहे, लावतोस का?"

"हसा तुम्ही, मिस अर्लीन. मी इथून हलत नाही."

"आणि गाडी कोण राखणार?"

"गाडीला कुठे मूल होतंय?"

त्यानंतर तो दर तपासणीला येऊ लागला. त्याने सिगारेट सोडली. शॅरोंडाचे पाय सुजू नयेत म्हणून घरातलं मीठ कमी केलं. "डॉक्टर, याने माझी लोणच्याची बरणी लपवून ठेवलीय!" अशी ती तक्रार करायची, आणि तो पर्स कुरवाळत गालातल्या गालात हसायचा. माझा तर ऊर भरून यायचा.

पण शॅरोंडाची एक खोड होती. तिला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "मी बरी आहे." इथल्या बायका हे फार लवकर शिकतात. दुखतंय म्हटलं की ऐकणारं कुणी नसतं, उलट नाटकं करते म्हणतात. आठव्या महिन्यात एकदा नव्या डॉक्टरबाई होत्या. बाहेर रांग लागलेली. "बीपी थोडं वर आहे, पण तुम्ही धावत आला असाल. बाकी कसं वाटतंय?"

"मी बरी आहे."

"छान. पुढच्या आठवड्यात बघू." बाई दाराकडे वळल्या.

"ती बरी नाहीये," डेमेट्रियस म्हणाला.

त्याच्या पंजाखाली माझा लाकडी हात करकरला. त्याला ताडकन उठायचं होतं, मला ते कळत होतं. पण एवढा धिप्पाड काळा गडी आवाज चढवून उभा राहिला, की लोक आधी पहारेकऱ्याला बोलावतात आणि त्याचं म्हणणं राहूनच जातं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पर्स पोटाशी धरून बसून राहिला.

"कालपासून तिचं डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणते. आज बूट पायात जाईनात, शेवटी माझी चप्पल घालून आलीय."

"गप रे, डी," शॅरोंडा पुटपुटली.

"नाही गप बसत. डॉक्टर, मी ओरडत नाहीये. विनवणी करतोय. आमचं एक बाळ गेलंय. पुन्हा एकदा बघा."

डॉक्टरबाईंनी खाली त्या भल्यामोठ्या चपलांकडे पाहिलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि दंडाला पट्टा बांधला. एकदा मोजलं, परत मोजलं. त्यांचा चेहराच उतरला. "शॅरोंडा, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. तुमच्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवाला धोका आहे." मग डेमेट्रियसकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मी तशीच निघाले होते."

ते गेले आणि खोली रिकामी झाली. मित्रांनो, खुर्चीला कुणी बातमी सांगत नाही. दार उघडलं की मी बघायची, आणि दुसरंच कुणीतरी यायचं. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.

मग एका दुपारी दोघं आली. शॅरोंडा हळूहळू चालत होती, पण चालत होती. डेमेट्रियसच्या हातात मूठभर मुलगी होती. वजन करायला तिचा लंगोट काढला होता, तो परत बांधेपर्यंत तिने बापाची पँट भिजवली आणि त्याच्याखालची मीही भिजले. माझं रेक्झिन फाटलेलं, त्यामुळे सगळं आत मुरलं.

"अरे देवा, तुमची खुर्ची!" तो ओशाळला. शॅरोंडा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"राहू द्या हो," नर्स म्हणाली. "नाहीतरी ही टाकायचीच आहे."

टाका बापडे! माझेही दिवस भरलेत. पण मित्रांनो, माझ्या जागी दुसरी खुर्ची नक्की ठेवा. तुमच्या घरी कुणाला दिवस गेले, तर बाळाच्या बापाला दारातून परत पाठवू नका. त्याला आत घ्या, बसायला जागा द्या आणि तो काय म्हणतोय ते ऐका. मला मात्र आता कशाचंच दुःख नाही. त्या पोरीने मला भिजवलं, एवढा मान आजवर मला कुणी दिला नव्हता.