अकरा तारीख, सहावा महिना

सहावी बाटली फोडून औषध बेसिनमध्ये ओतलं आणि काकांनी रजिस्टरात झोकात सही ठोकली. आज बारा जून. खोक्यावर मुदत छापलेली ११/०६, पुढे चालू साल. म्हणजे कालच संपली. इस्पितळाच्या औषधांच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढली, पण मुदत उलटलेली एक गोळी त्यांनी बाहेर जाऊ दिली नव्हती. सगळे त्यांना तारीखवाले काका म्हणत, डॉक्टरसुद्धा वचकून असत. काकांना याचा अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ते पडत नसत.

दुपारी साप चावलेली एक बाई आली. सोबत नवरा, गवंडी, हाताचं सिमेंटही धुतलेलं नाही. सिस्टर धावत स्टोअरमध्ये आल्या. त्या जातीच्या सापावरचं औषध परदेशातून भेट आलेलं, त्या सहाच बाटल्या. सकाळीच फोडल्या, असं काकांनी सांगितलं. दुसऱ्या इस्पितळाकडे गाडी पिटाळली, पण ती परत यायच्या आत बाई गेली. फार उशिरा आणलंत, असं डॉक्टरांनी गवंड्याला सांगून टाकलं.

काकांना चैन पडेना. त्यांनी रिकामं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. तळाला औषध बनवल्याची तारीख होती : १०/२५, पुढे साल. पंचविसावा महिना कुठला? त्या देशात महिना आधी लिहीत होते. औषध सहा नोव्हेंबरपर्यंत चांगलं होतं.

सिस्टरना त्यांनी ते दाखवलं. सिस्टरनी दार लोटून घेतलं.

"काका, खोकं द्या इकडे. रजिस्टरात सगळं नियमाने आहे, कोणी विचारणार नाही. चार महिन्यांनी रिटायर होताय तुम्ही."

त्या बिचाऱ्या भल्यासाठीच सांगत होत्या. काकांनी खोकं दिलं नाही.

गवंडी बाहेर बाकावर बायकोच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता. काकांनी त्याला सगळं सांगितलं, खोक्यावर बोट ठेवून, काही न वगळता. त्याने सिमेंट लागलेलं बोट त्या आकड्यांवरून फिरवलं.

"म्हणजे साहेब, मी उशीर केला नव्हता?"

"नाही. तुम्ही वेळेवर आणलं होतंत."

तेव्हा कुठे गवंडी रडला. काका खोकं हातात धरून त्याच्यासमोर उभे राहिले. बाकावर जागा होती, पण बसायची त्यांना हिंमत झाली नाही.