लादीखालचं झाकण

माझ्या थोरल्या नातीची, जागृतीची, उद्या हळद होती आणि सकाळपासून संडासाचं पाणी उलटं वर येत होतं.

कोपरखैरणे गावात चहूकडे इमारती उठल्या, तरी आमच्या घराचं मैलापाणी अजून अंगणातल्या टाकीतच जातं. टाकी उपसणारी गाडी दारात उभी होती, पण पाइप सोडायला झाकणच सापडेना. मांडवासाठी माझ्या मुलानं, पोपटनं, सगळ्या अंगणाला नवी लादी बसवली होती, आणि झाकणाची नेमकी जागा आता कुणालाच आठवेना. झाकण उघडं ठेव, असं मी तेव्हा सांगितलं होतं. "खुर्च्या डुगडुगतात गो आये," म्हणाला. त्यावर वाद घालायला माझ्यात दम नव्हता. आयुष्यभर बालवाडीत तेच तेच सांगून घसा दमलाय.

"अख्खं अंगन फोडू का आता?" पोपट कपाळाला हात लावून बसला. "उद्या सगला गाव येनार हाय."

"मी तर रोज ॲसिड टाकते," सून उज्वला म्हणाली. "संडास कसा चकाचक हाय! तरी तुंबला."

धाकटी नात मनस्वी माझ्याजवळ आली. "टाकीत काय असतं आजी?"

मी पायरीवर बसले. काचेच्या ग्लासात पाणी, माती आणि थोडं तेल घालून तिला ढवळायला दिलं. माती खाली बसली, तेल वर आलं.

"मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. खालचा गाळ बारीक जीव खातात. उरलेला काही वर्षांनी उपसायचा."

"आणि आई त्यांच्यावर ॲसिड टाकते?"

"रोज."

"मंग पावन्यांना घान संडास दाखवू?" उज्वला फणकारली.

"साध्या ब्रशनं घास बाई," मी म्हटलं.

मनस्वी ग्लास ओतायला पेरूच्या झाडाकडे निघाली. सरळ चालता चालता मध्येच वळसा घालून पुढं गेली. तिथं नुसती सपाट लादी होती.

झाकणावर पाय नको, कडेनं जा, हे मी तिला चालायला लागल्यापासून सांगत आले होते.

"पोपट, तिथं फोड."

"पोरगी वळली म्हनून लादी फोडू?"

"हो."

तिसऱ्या लादीखाली झाकण निघालं. मी सगळ्यांना मागं सारलं. पोपटच्या खिशातली काडेपेटीही काढून घेतली. आतला वायू जीव घेतो, कुणी डोकावूसुद्धा नये.

टाकी रिकामी झाली. पाणी उतरलं. लगेच पोपट म्हणाला, "आता लादी बसवून टाकतो, सकालपर्यंत सुकंल."

मी माझी खुर्ची त्या झाकणाशेजारी आणून ठेवली आणि बसले.

दुसऱ्या दिवशी हळदीला मी तिथंच होते. बँजो वाजत होता, माझी कंबर ठणकत होती. नाचत येणाऱ्या प्रत्येकाला मनस्वी अडवत होती, "काका, कडेनं जा."

तेवढं एक वाक्य मला बोलावं लागलं नाही.