आईच्या उंचीचा आरसा

मित्रांनो, एका जुन्या स्कूटरच्या उजव्या बाजूला मी बसवलेला आहे. मी आरसा. माझा दांडा गंजला आहे आणि काचेचा एक कोपरा तडकला आहे. डावीकडचा माझा जोडीदार तर केव्हाच फुटला. तरीही मागचा रस्ता मी आजही स्वच्छ दाखवतो.

कारखान्यात माझ्या काचेला मागून चकचकीत धातूचा पातळ थर दिला गेला, तेव्हापासून माझा स्वभाव ठरलेला आहे. मी सर्वांना एकच चित्र दाखवत नाही. उंच माणसासाठी मला वळवले, तर ठेंगण्या माणसाला माझ्यात रस्त्याऐवजी आभाळ दिसते.

महाडजवळच्या सव गावातले एक घर माझे झाले. घरातले बुद्धरत्न सैन्यात आहेत, दूर बर्फाच्या सीमेवर. त्यांची बायको आम्रपाली बिरवाडीच्या शाळेत शिकवते आणि मुलगी संबोधी त्याच शाळेत दुसरीत आहे. दोघींना रोज शाळेत नेणे हे आमचे काम. बुद्धरत्न रजेवर आले की स्कूटर तेच चालवत. पहिल्याच दिवशी मला पुसून स्वतःच्या उंचीला लावत. रजा संपली की आम्रपाली मला पुन्हा खाली वळवून घेई. अशी कितीतरी वर्षे गेली आणि कुणाची तक्रार नव्हती.

मागच्या पावसाळ्यानंतर मात्र वेगळे घडले. रजा संपलेल्या बाबांना महाडच्या स्टँडवर सोडून दोघी परत निघाल्या. आम्रपालीने माझ्याकडे हात नेला, तोच संबोधी म्हणाली, "नको गो हात लावू. बाबांनी लावलाय तो."

आम्रपालीने लेकीच्या डोळ्यांत पाहिले आणि हात मागे घेतला.

त्यानंतर मी रोज विजेच्या तारा आणि झाडांचे शेंडे दाखवत राहिलो. आम्रपाली मान वळवून मागे बघत असे. संबोधी अबोल झाली होती. डबा अर्धा परत येई. सीमेवरून फोन आला, तर ती फक्त "हो" आणि "बरं" म्हणे. पण शाळेतून निघताना मी हललो तर नाही ना, हे आधी तपासत असे.

एके सकाळी शाळेच्या वळणावर आम्रपालीने स्कूटर उजवीकडे घेतली. मागून टँकर येत होता. भोंगा ऐकून तिने हँडल फिरवले आणि आम्ही खडीत आडवे झालो. तिचा गुडघा फुटला. संबोधीला खरचटलेही नाही, पण तिचा डबा घरंगळत गटारात गेला. रिक्षावाले जुल्फिकारभाई धावत आले. स्कूटर उभी करून ते जरा वाकले आणि माझ्यात डोकावले.

"काय ताई, आरशात आभाळ बघत गाडी चालवता काय?"

"माझंच लक्ष नव्हतं हो," आम्रपाली म्हणाली. लेकीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

संध्याकाळी संबोधीने आईला अंगणात आणून स्कूटरवर बसवले आणि दोन्ही हातांनी मला धरले. "रस्ता दिसला की सांग."

ती मला हळूहळू खाली वळवत गेली. "दिसला," आई म्हणाली, तरी हात काढायला संबोधीला वेळ लागला. मग आईच्या कुशीत शिरून ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या रात्री ती पोटभर जेवली म्हणे.

उन्हाळ्यात बुद्धरत्न आले, तेव्हा दोघी त्यांना न्यायला महाडला गेल्या. स्टँडवर पिशवी ठेवून त्यांनी सवयीने माझ्याकडे हात नेला.

"बाबा, त्याला हात नको लावू. तो आईचा हाय."

त्यांचा हात हवेतच थांबला. चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांना आम्रपालीच्या गुडघ्यावरचा व्रण दिसला. काय झाले ते त्यांनी विचारले आणि तिने सगळे सांगितले.

"मग मी कुठं बसू गो?" त्यांनी लेकीला विचारले.

"मागं. मी मधी. घट्ट धरायचं मात्र."

ते हसले आणि मागे बसले. आम्रपालीने किल्ली फिरवली. माझ्या कडेला त्यांचा खांदा दिसत होता, आणि त्यापलीकडे सगळा रस्ता.

मित्रांनो, तुमच्या घरातलेही कुणी कामासाठी लांब असेल. त्यांची आठवण जरूर जपा. पण आरसा मात्र गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना जुळवून लावा. लांबचे माणूस परत येते, तेव्हा त्याच्यासाठी मागे जागा असतेच.