समोरून येऊ नका

मी एक जुनी पवनचक्की आहे, मित्रांनो, आणि माझी पहिली विनंती ऐका. माझ्याकडे येताना समोरून येऊ नका. कुंपणाला वळसा पडतो, बूट चिखलानं भरतात, तरी मागूनच या. "एवढी छान पांढरीशुभ्र चक्की, हिला काय भ्यायचं?" असं तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेलच. म्हणू दे. मी एका माणसाचा जीव घेतला आहे. ते सांगायला मला मुळीच आवडत नाही, पण आज सांगणं भाग आहे, कारण सकाळपासून वाऱ्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही.

इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या मार्लफील्ड गावच्या टेकडीवर मला उभं केलं. एका भल्यामोठ्या ओकच्या झाडाचा एकच खांब, त्याला खालून तिरके टेकू, आणि त्या खांबावर माझं सगळं लाकडी घर. दळायच्या दगडी तळ्या, दातेरी चाकं, धान्याची पेटी, पिठाची पोती, आत काम करणारा माणूस, सगळा भार त्या एका खांबावर. समोर चार पाती. मागे जिना, आणि जिन्याखालून बाहेर आलेलं लांबलचक लाकडी शेपूट. वारा जिकडून येईल तिकडे माझं तोंड करायचं असतं. त्यासाठी आधी जिना जमिनीवरून उचलायचा, मग शेपटाला खांदा लावायचा आणि मला अख्खीच्या अख्खी फिरवायची. दोन धट्टीकट्टी माणसं असली तर फिरते मी. एकट्याला दाद देत नाही.

आता हे नीट ध्यानात ठेवा. समोरचा वारा मला खांबावर घट्ट बसवतो. पाठीवर आलेला वारा मला तोंडावर पाडतो. पलीकडच्या गावात माझी थोरली बहीण होती. तिचा मालक जत्रेला गेला आणि मागे वारा फिरला. दुपारी ती दळत होती आणि संध्याकाळी लोक तिचं सरपण गोळा करत होते.

म्हणूनच माझा मालक जेबेझ गॅरड जेवतानासुद्धा दाराकडे तोंड करून बसायचा. पावाचा घास तोंडात आणि डोळे ढगांवर. पीठ कसं पडतंय ते तो अंगठ्यावर घासून बघायचा, बघायचा कसला, डोळे मिटून नुसतं चाचपायचा. स्वभावानं तिरसट. माझ्याशी मात्र दिवसभर बोलायचा. "काय गं म्हातारे, आज का कुरकुरतेस? चरबी हवी का चाकाला? घे बाई, घे." त्याचं बोलणं ऐकून दळण घेऊन आलेले लोक हसायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्याला दोन मुलं. थोरली केझिया आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा रूबेन. बायको लवकर गेली, तेव्हा ही पोरं माझ्याच जिन्यावर वाढली. एकदा शेजाऱ्याचं डुक्कर गवत हुंगत माझ्या पुढ्यात आलं. माझी पाती जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून जातात, आणि जवळ आलेलं पातं दिसतं न दिसतं तोच पुढचं येतं. डुक्कर वीस पावलांवर जाऊन पडलं. जेबेझनं दोन्ही पोरांना तिथं नेऊन उभं केलं.

"बघा नीट. याला कळलं नाही, तुम्हाला तरी कळू दे. चक्की चालू असो नाहीतर बंद, समोरून यायचं नाही."

"बंद असली तरी?" रूबेननं विचारलं.

"बंद आहे हे तुला कोण सांगणार? ती?"

त्यानंतर त्यानं समोर काट्यांचं कुंपण लावलं. पण त्याचं घर टेकडीच्या खालच्या अंगाला, नेमकं नैऋत्येला, म्हणजे माझ्या नेहमीच्या तोंडासमोर. घराकडून माझ्याकडे यायची जवळची वाट कुंपणातल्या फटीतून होती. ती फट कोणी पाडली हे मला ठाऊक आहे. रूबेननंच पाडली होती.

केझिया वाऱ्यात मुरली. रूबेनला वाऱ्याचं काही कळत नसे. तो मोठा झाल्यावर इप्सविचला एका वाफेच्या गिरणीत लागला. तिथं वारा बघावा लागत नाही, कोळसा टाकला की झालं. सणाला यायचा तेव्हा चांगला कोट घालून यायचा आणि बहिणीला चिडवायचा. "काय केझी, अजून ढगांनाच नमस्कार चाललाय का?" ती म्हणायची, "तुझे काळे कान धू आधी, मग बोल माझ्याशी." प्रेम होतं दोघांत. मी बघितलंय ना.

मग एका नोव्हेंबरात जेबेझ गेला. छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपलं.

आमच्या मार्लफील्डची एक रीत होती, मित्रांनो. चक्कीचा मालक गेला की वारसानं येऊन खांबाला तळहात लावायचा आणि चक्कीला मोठ्यानं सांगायचं. मग पाती उभ्या रेषेच्या जराशी पुढे थांबवून दोरखंडानं बांधायची. ती तशी दिसली की दहा मैलांवरच्या शेतातला माणूसही टोपी काढी. शेपटाला काळी फीत बांधायची. आणि दफन होईपर्यंत चक्कीला कोणी हात लावायचा नाही, वळवायचं तर नावच नको. मालकाचं प्रेत घरात असताना चक्की वळवली तर ती त्याच घरातला आणखी एक जीव घेते, असं लोक म्हणत. मी कधी कोणाचा जीव मागितला नव्हता. पण मला विचारतो कोण?

रूबेन आला. रडून डोळे सुजले होते त्याचे. त्यानं खांबाला हात लावला. "बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि तिथंच खाली बसला. मग त्यानं स्वतःच्या हातांनी पाती बांधली, दोनदा गाठ मारली. वारा नैऋत्येचा होता, माझं तोंड नैऋत्येला होतं. सगळं जिथल्या तिथं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दफन होतं. सकाळपासून खालच्या घरात माणसं जमली. जेबेझ मधल्या खोलीत शवपेटीत होता, आणि भोवती अकरा माणसं दाटीवाटीनं बसून चहा पीत होती. साडेदहाच्या सुमारास वारा पडला. एकदम पडला. कावळे गप्प झाले. समुद्रावरचे पांढरे पक्षी जमिनीकडे येऊन नांगरलेल्या शेतात बसले. मला माझ्या पाठीच्या फळ्यांत गारवा लागला आणि माझा खांबच थरथरला. बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

केझिया अंगणात पाणी घ्यायला आली. तिनं सवयीनं वर बघितलं. शेपटावरची काळी फीत तीन दिवस घरापासून लांब, मागे उडत होती. आता ती हळूच उठली आणि पुढे, माझ्या फळ्यांकडे वळली. केझियाच्या हातातली बादली खाली पडली.

ती दारात जाऊन म्हणाली, "रूबेन, वारा फिरतोय. ईशान्येला काळं झालंय. चल, चक्की वळवायची आहे."

शेजारची पेटिट म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, काय बोलतेस? बाप अजून घरात आहे!"

"म्हणूनच म्हणतेय. ती पडली तर या घरावर पडेल, काकू. तुमच्या डोक्यावर."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे, केझी," रूबेन म्हणाला. "बाबांना एकदा नेऊ दे. लोक काय म्हणतील? मुलगा शहरात गेला आणि रीतभात विसरला?"

"लोक जिवंत राहिले तर म्हणतील ना काही!"

"हळू बोल जरा. बाबा आहेत इथं."

"बाबा असते तर तुझ्या कानाखाली वाजवून एव्हाना वर गेले असते."

हे ऐकून रूबेनचा चेहरा पडला. तो काही वाईट नव्हता, मित्रांनो. बापाच्या शेवटच्या दिवसांत आपण जवळ नव्हतो, आता निदान रीत तरी नीट पाळू, एवढंच त्याच्या मनात होतं. तो जागचा हलला नाही. केझिया एकटीच निघाली. कुंपणाला वळसा घालून, मागून.

तिनं तरफ ओढून जिना उचलला. शेपटाला खांदा लावला. मी हलेना. तिनं टाच मातीत रुतवली, दात खाल्ले, आणि मी हातभर सरकले. आणखी हातभर. तेवढ्यात पहिला झोत आला. माझं मागचं अंग उचललं गेलं आणि खांबात असा काही आवाज झाला की तो खाली घरात ऐकू गेला. कपबशा वाजल्या म्हणे. माझा लाकडी ब्रेक समोरच्या वाऱ्याला धरतो. मागचा वारा पात्यांना उलटं फिरवू लागला की तो सुटतो. आता सगळी मदार त्या एका दोरखंडावर होती.

"रूबेन!" केझिया ओरडली. "रूबेन, ये रे!"

तो आला. जीव खाऊन धावत आला. तो तिला एकटं टाकणारा नव्हता, मला माहीत होतं. पण तो जवळच्या वाटेनं आला, त्यानंच लहानपणी पाडलेल्या फटीतून. पाती त्यानंच तर बांधली होती. स्वतःच्या हातानं दोनदा गाठ मारलेल्या पात्यांची कोणाला भीती वाटते?

तो अगदी माझ्या पुढ्यात असताना दोरखंड तुटला.

मला थांबता आलं नाही. ऐका, मला थांबता आलं नाही. लाकडाला इच्छा नसते असं तुम्ही म्हणाल, पण माझी इच्छा होती, आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. पातं वरून खाली आलं आणि त्याला लागलं. तो जागीच गेला.

घरातली माणसं बाहेर धावली. केझियानं जिन्याच्या आडून सगळं बघितलं होतं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला, पण तिनं शेपटावरचे हात काढले नाहीत. ती त्या माणसांवर ओरडली, "त्याच्याकडे जाऊ नका! मागून या, वळसा घालून! आधी ढकला! रडायचं नंतर!"

पेटी उचलायला आलेल्या चार माणसांनी शेपटाला खांदे लावले. पाती उलटी गरगरत होती, फळ्या उडत होत्या, आणि ती पाच माणसं मला इंचाइंचानं वळवत होती. अर्धं वर्तुळ झालं तेव्हा वारा माझ्या तोंडावर आला आणि मी धपकन खांबावर बसले. घर वाचलं. मग केझिया हात सोडून भावाकडे गेली. तिचे तळहात सोलून निघाले होते.

त्या आठवड्यात माझ्या शेपटाला दोन फिती होत्या. रूबेनचं सांगायला कोणी वारस उरला नव्हता, म्हणून तीच आली. तिनं पट्टी बांधलेला हात खांबाला लावला. "रूबेन गेला," ती म्हणाली. "तुझा दोष नाही, म्हातारे. पण मला तुझ्याकडे बघवत नाही." तरी ती दुसऱ्या दिवशी आली. पुढे चौतीस वर्षं रोज आली. तिनं कुंपणातली फट बुजवली आणि गावची रीत बदलली. तेव्हापासून मार्लफील्डमध्ये कोणी गेलं की आधी वारा बघायचे, चक्की वळवायचे आणि मगच फीत बांधायचे. पेटिट म्हातारीचीही त्यावर बोलायची हिंमत झाली नाही.

केझिया गेली तेव्हा मला सांगायला कोणीच आलं नाही. गावानं वाफेच्या गिरणीचं पांढरं पीठ आणायला सुरुवात केली होती. माझ्या तळ्यांवर कबुतरांनी घरं केली. पाती एकेक करून गळाली. ती गळाली याचं मला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते.

मग दोन वर्षांपूर्वी परगण्यातली काही हौशी माणसं आली. चांगली होती बिचारी. त्यांनी मला रंग दिला, नवी पाती बसवली, पुढ्यातलं ते गबाळं काटेरी कुंपण बरंचसं काढून तिथं हिरवळ केली. आता थोडं कुंपण उरलंय ते बाजूला. फोटो समोरून चांगला येतो ना! आणि जिन्यावरून कोणी पडू नये म्हणून त्यांनी माझा जिना आणि शेपूट सिमेंटमध्ये पक्कं बसवलं. माझं तोंड नैऋत्येला आहे, खालच्या घराकडे. त्या घरात आता दोन लहान मुली राहतात. त्यांचा झोका माझ्या पुढ्यातल्या हिरवळीवर आहे, आणि आत्ता या क्षणी धाकटी त्याच्यावर बसली आहे.

मित्रांनो, मला रंग नको. फुलांच्या कुंड्या नकोत, माझ्या नावाची पाटी नको. माझ्या जिन्यावर कोणीतरी सहलीची झेंडी बांधून गेलंय. सकाळभर ती मागे उडत होती. मघाशी वारा पडला. नांगरलेल्या शेतात पांढरे पक्षी येऊन बसलेत. आणि आता झेंडी उठली आणि माझ्या फळ्यांकडे वळली.

त्या पोरीला आधी झोक्यावरून उतरवून लांब न्यायला सांगा. तिच्या बहिणीलाही घरातून बाहेर काढा. मग घण घेऊन या, चार मोठी माणसं घेऊन या, आणि ते सिमेंट फोडा. धावत या, पण वळसा घालून या.